‘खाऊन-पिऊन सुखी आहेत, मग बिनसलं कुठं?’

दवाखान्यात हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतं. आईला किंवा वडिलांना घेऊन मुलगा-सून येतात. झोप लागत नाही, भूक नाही, अंग दुखतं, मधूनच छातीत धडधडतं, कशात लक्ष लागत नाही. रक्त, साखर, थायरॉइड, ईसीजी सगळं ठीक निघतं. मग मुलगा थोड्या काळजीनं आणि थोड्या वैतागानं म्हणतो, "घरात काही म्हणता काही कमी नाही हो डॉक्टर. वेळेवर जेवण आहे, स्वतंत्र खोली आहे, दिवसभर हाताशी बाई आहे. आणखी काय हवं?"

शरीराच्या गरजा आपल्याला चटकन कळतात. पाणी मिळालं नाही तर घसा कोरडा पडतो, जेवण चुकलं तर पोटात खड्डा पडतो. मनाच्या गरजांचं तसं नसतं. त्या भागल्या नाहीत तर नेमकं काय दुखतंय हे त्या माणसालाही सांगता येत नाही. म्हणून बहुतेक वेळा त्या ‘लाड’ किंवा ‘नखरे’ या सदरात जमा होतात.

या विषयावरचे लेख साधारणपणे मॅस्लो नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञापासून आणि त्याच्या त्या प्रसिद्ध त्रिकोणापासून सुरू होतात. त्याच्याकडे येऊच. पण पुण्यात राहणाऱ्या माणसानं इतक्या लांब जायची गरज नाही. कर्वेनगरच्या बसमध्ये बसलं तरी पुरे. आज जिथं सोसायट्या, कॉलेजं आणि पार्किंगची भांडणं आहेत, तिथं सव्वाशे वर्षांपूर्वी हिंगण्याचा माळ होता. ‘पोटाला मिळाल्यावर माणसाला आणखी काय लागतं’ या प्रश्नाचं उत्तर तिथं काही बायकांनी स्वतःच्या आयुष्यातून दिलेलं आहे.

घरात होती, पण घरातली नव्हती

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातल्या किंवा कोकणातल्या पांढरपेशा ब्राह्मण घरात विधवा बाईची स्थिती काय होती, हे आपण शाळेत वाचलेलं असतं: केशवपन, लाल आलवण, एकवेळचं जेवण, उपासतापास. ते सगळं खरं आहे आणि क्रूर आहे. पण डॉक्टर म्हणून मला त्यातली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तिला सहसा घराबाहेर काढत नसत. एकत्र कुटुंबात तिला छप्पर होतं, बेताचं का होईना पण अन्न होतं. आणि काम तर भरपूर होतं. पहाटेच्या सड्यापासून रात्रीच्या उष्ट्या-खरकट्यापर्यंत घर तिच्यावर चालायचं. बाळंतिणीची शेक-शेगडी तिनं करायची, आजाऱ्याच्या उशाशी तिनं बसायचं, सोवळ्यातला स्वयंपाक तिनं रांधायचा.

मग काय नव्हतं? तिला कुणी काही विचारत नसे. डोक्यावरचे केस ठेवायचे की नाही, हेसुद्धा दुसरेच ठरवत. ती करत होती ते काम ‘काम’ म्हणून मोजलं जात नव्हतं, त्यात पुढं शिकायला, वाढायला वाव नव्हता. आणि त्याच घरात लग्न-मुंज निघाली, की तिनं समोर यायचं नाही. तिच्या हातचं सगळ्यांना चालायचं, पण तिचं तोंड दिसायला नको असायचं. बालविधवेच्या बाबतीत तर हा प्रकार आणखीच विचित्र. ज्या नवऱ्यासाठी हे सगळं सोसायचं, त्याचा चेहराही अनेकींना आठवत नसे.

विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्यानं १८५६ मध्येच मान्यता मिळाली होती. कायद्यानं रस्ता मोकळा केला, पण त्यावर चालायला कुणी धजावत नव्हतं. महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अडलेल्या विधवेनं जीव द्यायचा नाही आणि मुलाचाही घ्यायचा नाही, इथं येऊन बाळंत व्हायचं. हे थेट जीव वाचवण्याचं काम होतं, आजच्या भाषेत इमर्जन्सी. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी केशवपनाविरुद्ध संप केला. आम्ही हे वपन करणार नाही, असं ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच म्हटलं, ही मला त्या काळातली फार मोठी गोष्ट वाटते.

पण जीव वाचल्यावर पुढं काय? तो जीव जगवायचा कशाच्या जोरावर?

गोदूबाई

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं. विधवांनी तिथं राहायचं आणि शिकायचं. पुढच्याच वर्षी सदन पुण्यात आलं. तिथं दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखच्या जोशांची गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न आणि त्यानंतर काही महिन्यांतच वैधव्य. मधली कितीतरी वर्षं सासरी राबण्यात गेलेली. भावानं मुंबईला नेलं आणि सदनात घातलं, तेव्हा ती विशी ओलांडलेली बाई होती आणि अक्षरओळखीपासून सुरुवात करत होती.

या सदनाभोवती पुण्यात काय वादळ उठलं ते सर्वांना ठाऊक आहे. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात इथं शिरत नाही. त्याच वर्षी, ११ मार्चला, गोदूबाईंचं लग्न झालं. नवरा म्हणजे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे, दोन वर्षांपूर्वी बायको वारलेले धोंडो केशव कर्वे. लग्नानंतर गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढं सगळे त्यांना ‘बाया’ म्हणू लागले.

लग्न पुण्यात झालं आणि शिक्षा मुरुडला झाली. कर्व्यांच्या गावानं ठरवलं, की हा माणूस ज्या सभेला येईल तिथं आपण जायचं नाही, आणि त्याला घरात घेतलं तर त्याच्या आई-भावालाही वाळीत टाकायचं. ज्या गावासाठी कर्व्यांनी एवढं केलं, तिथं त्यांना स्वतःच्या घराच्या ओसरीवरही चढता येईना. वाळीत टाकणं म्हणजे मारहाण नव्हे, दंड नव्हे, तुरुंग नव्हे. तरी त्याच्या धाकानं सबंध गाव गप्प बसायचं. आपल्या माणसांत आपल्याला जागा असणं ही किती मूलभूत गरज आहे, हे आपल्या पूर्वजांना मानसशास्त्र न शिकताही नेमकं कळलं होतं. म्हणून तर त्यांनी शिक्षेसाठी तीच निवडली.

माळावरची झोपडी

१४ जून १८९६ रोजी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. आधी काम पुण्यात चाललं. मग शहराला प्लेगनं घेरलं. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जागा आणि ७५० रुपये दिले, आणि १९०० मध्ये आश्रम तिथं गेला. गेला म्हणजे काय, एक झोपडी उभी राहिली. भोवती वीज-पाणी तर सोडाच, नीट रस्ताही नव्हता. कर्वे दिवसा फर्ग्युसनमध्ये शिकवायचे आणि संध्याकाळी पायी हिंगण्याला जायचे. काही वर्षं हा माणूस रोज असा चालत होता. ते १०४ वर्षं जगले, त्याचं श्रेय काही जण या चालण्याला देतात. देऊ द्या, मी तर पेशंटना चालायलाच सांगतो.

आता जरा थांबून विचार करा. घरात निदान पक्की भिंत होती, ओळखीचा गाव होता, पिढीजात पद्धत होती. हिंगण्याला काय होतं? कुडाचा आडोसा, पावसाळ्यात चिखल आणि गावाकडून निंदा. तरीही बायका आल्या. काहींना वडिलांनी किंवा भावानं आणून सोडलं, काही स्वतःच्या हट्टानं आल्या. त्या राहिल्या, शिकल्या, आणि त्यातल्या काहींनी पुढं तोच आश्रम चालवला. सुखसोयी सोडून अडचणीकडे माणूस जातो, तेव्हा त्याला तिकडं काहीतरी मिळत असलं पाहिजे.

ते काय, हे सगळ्यात स्पष्ट दिसतं बायांच्या धाकट्या बहिणीत, पार्वतीबाई आठवल्यांमध्ये. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात एक मुलगा. बहिणीच्या आधारानं त्या पुण्याला आल्या आणि पंचविशी उलटल्यावर पाटी-पेन्सिल हातात घेतली. या वयात मुळाक्षरं गिरवताना काय वाटत असेल याची कल्पना पन्नाशीनंतर कॉम्प्युटर शिकायला बसलेल्यांनाच येईल. शिकून झाल्यावर त्या आश्रमाच्या कामाला लागल्या, पुढं तिथल्या व्यवस्थापक झाल्या. वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडल्या, सभांमधून भाषणं केली. १९१८ मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, इंग्रजी धड येत नसताना ही बाई एकटी अमेरिकेला गेली. तिथं लोकांच्या घरी कामं करून राहिली, भाषा शिकली, आश्रमासाठी पैसे जमवले आणि १९२० मध्ये परत आली. मग ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र लिहिलं.

पण मला त्यांच्या आयुष्यातली एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, ती केसांची. पार्वतीबाई सुधारकांच्या घरात राहत होत्या. बहिणीनं पुनर्विवाह केलेला, मेहुणा विधवांसाठी आयुष्य वाहिलेला. तिथं केशवपनाची सक्ती कोण करणार? तरीही त्या अनेक वर्षं केशवपन करत राहिल्या. पुनर्विवाहही त्यांनी केला नाही. मग १९१२ मध्ये, बऱ्याच विचारांती, त्यांनी आपण होऊन केशवपन सोडलं. चाळिशी ओलांडल्यावर. त्यावर टीका झाली तेव्हा आपली बाजूही स्वतः मांडली.

एखाद्या उतावळ्या सुधारकाला यात मागासपणा दिसेल. मला यात मनाच्या पहिल्या गरजेची अगदी नेमकी व्याख्या दिसते. न्हाव्यासमोर बळजबरीनं बसवलेली बाई आणि सुधारकांच्या दडपणाखाली केस वाढवणारी बाई, दोघींच्याही डोक्याचा निर्णय दुसऱ्याच कुणीतरी घेतलेला असतो. पार्वतीबाईंनी तो स्वतः घेतला. वेळ लागला, पण निर्णय त्यांचा होता.

पुस्तकं मागून आली

आता मॅस्लो. अब्राहम मॅस्लोनं १९४३ मध्ये मानवी प्रेरणांवरचा आपला प्रसिद्ध लेख लिहिला. आधी अन्न-पाणी, मग सुरक्षितता, मग प्रेम आणि आपली माणसं, मग मान, आणि सगळ्यात शेवटी आपल्यातल्या क्षमतांना पूर्ण वाव, असा चढता क्रम त्यानं मांडला. कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये दाखवतात तो रंगीत त्रिकोण त्या लेखात कुठंही नाही. तो पुढं व्यवस्थापनशास्त्र शिकवणाऱ्यांनी काढला. आणि हा क्रम काही दगडावरची रेघ नाही, असं खुद्द मॅस्लोनंही लिहून ठेवलं होतं. पण त्रिकोण एकदा डोळ्यांत बसला की बसला. त्यामुळं आपल्याला वाटू लागतं, की खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरची गरज जागीच होत नाही. ‘आधी पोटोबा मग विठोबा’ असं आपल्याकडे म्हणतातच. हिंगण्याच्या बायका मात्र खालची पायरी डळमळती ठेवून वरच्या पायरीकडे गेल्या.

१९७०च्या दशकापासून अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठात एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी वेगळी मांडणी सुरू केली. १९८५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांच्या मते मनाच्या मूलभूत गरजा तीन. स्वायत्तता, म्हणजे मी जे करतो आहे ते मला पटून, माझ्या मनानं करतो आहे ही जाणीव. सक्षमता, म्हणजे मला काहीतरी जमतं आणि त्याचा उपयोग होतो ही जाणीव. आणि आपलेपणा, म्हणजे माझं कुणीतरी आहे आणि मीही कुणाचा तरी आहे ही जाणीव. या तिन्हींत पायऱ्या नाहीत. जीवनसत्त्वांसारखं आहे हे. क भरपूर खाल्लं म्हणून ड ची कमतरता भरून निघत नाही.

यावर नेहमी एक आक्षेप येतो: स्वायत्तता वगैरे पाश्चात्त्यांची थेरं आहेत, आपल्याकडे कुटुंब आधी. आक्षेपात तथ्य असतं तर गंमत झाली असती, पण तपासून पाहिलं तेव्हा तसं दिसलं नाही. दक्षिण कोरिया, रशिया, तुर्कस्तान आणि अमेरिका या चार देशांतल्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कुटुंबाला धरून राहणारी पद्धत असो की एकट्यानं जगण्याची, ती माणसानं स्वतःच्या मनानं पत्करली असेल तर त्याची मनःस्थिती चांगली, लादली गेली असेल तर वाईट, असं त्यात आढळलं. स्वायत्तता म्हणजे एकलकोंडेपणा नव्हे, मनमानीही नव्हे. पार्वतीबाई कुठं एकट्या राहिल्या? त्या शेवटपर्यंत माणसांत आणि संस्थेतच होत्या.

‘मला जमतं’ यातलं औषध

सक्षमतेची गोष्ट सांगायची तर हिंगण्याहून शहरात, ससून रुग्णालयात यावं लागेल. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले. रमाबाई रानडे तेव्हा चाळिशीच्या आत-बाहेर होत्या. नवऱ्यानं शिकवलेल्या, सभेत बोलणाऱ्या रमाबाईंनाही वैधव्य आलं तेव्हा काही काळ त्या घराबाहेर पडल्या नाहीत. नंतर १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन उभं राहिलं. शिवण, शिक्षिकांचं शिक्षण आणि ससूनमध्ये परिचारिकांचं प्रशिक्षण, असं त्याचं काम वाढत गेलं.

यात एक खोच आहे. आजाऱ्याची सेवा विधवा बाई घरात करतच होती. ससूनमध्ये तिनं वेगळं काय केलं? तेच, पण शिकून केलं, त्याचा पगार घेतला, आणि तिच्या नावापुढं एक हुद्दा आला. कुठल्याही जातीच्या, अनोळखी रुग्णाला हात लावायचा म्हणजे त्या काळी विटाळाचा केवढा प्रश्न! परिचारिकेचं काम हलकं समजलं जाई, घरचे तोंड फिरवत. तरी त्या टिकल्या. घरी राबून त्या नुसत्या थकत होत्या. इथंही थकत असतीलच, पण त्या थकव्यापाठोपाठ ‘आज मला हे साधलं’ हेही होतं. कष्ट तेवढेच असूनही एका ठिकाणी माणूस झिजतो आणि दुसऱ्या ठिकाणी उभा राहतो. कामावरच्या ताणाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या आयटीतल्या मुलांशी बोलताना मला हा फरक नेहमी आठवतो. त्यांच्या तक्रारींत ‘काम फार आहे’ यापेक्षा ‘माझ्या कामाचं काय होतं तेच कळत नाही’ हे जास्त वेळा असतं.

१९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा पहिल्या वर्गात जेमतेम चार-पाच मुली होत्या. शिक्षण मातृभाषेतून. इंग्रजीतून न शिकवता हे कसलं विद्यापीठ, म्हणून हसणारे होतेच. पण उशिरा शिकायला लागलेल्या बाईला आधी ‘मला जमतंय’ हे वाटायला हवं, भाषेच्या भिंतीवर डोकं आपटून तिनं परत जाऊ नये, हे त्या गणिताच्या मास्तरांना कळलं होतं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला नाव मिळालं, ते आजचं एसएनडीटी.

शरीर हिशेब ठेवतं

हे सगळं मनाचं झालं. रक्तदाब-हृदयविकाराशी याचा काय संबंध? आहे, आणि तो मोजलेला आहे.

लंडनमध्ये सरकारी नोकरांवर १९६७ पासून एक मोठा अभ्यास झाला, व्हाइटहॉल अभ्यास. सगळे पगारदार, पोटाची भ्रांत नसलेले. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांमध्ये हृदयविकारानं होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण सर्वांत वरच्या साहेबांपेक्षा तिपटीहून जास्त निघालं. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं जमेला धरूनही फरकाचा मोठा भाग उरलाच. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात उरलेल्या भागाचा एक धागा सापडला: आपल्या कामावर आपला ताबा किती. ज्यांना काहीच ठरवता येत नव्हतं, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त होता. सतत दुसऱ्याच्या तालावर नाचणारं शरीर सतत सावध राहतं. ताणाची संप्रेरकं उतरत नाहीत, झोप उथळ होते, रक्तदाब चढा राहतो.

आपलेपणाचंही तसंच. २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून, म्हणजे तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती तपासून, असं दिसलं की ज्यांची माणसांशी घट्ट नाती होती त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती.

आणि १९७६चा तो झाडाच्या कुंडीचा अभ्यास. अमेरिकेत कनेटिकटमधल्या एका वृद्धाश्रमात एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं, की तुमच्या खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, सिनेमा कुठल्या दिवशी पाहायचा ते तुम्ही ठरवा, आणि ही कुंडी निवडा, हिला पाणी तुम्ही घालायचं. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, की तुमची सगळी काळजी आम्ही घेऊ. कुंडी तिथंही दिली, पण पाणी नर्स घालणार. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची मंडळी जास्त आनंदी, जास्त हालती-बोलती झाली होती. दीड वर्षानं त्या मजल्यावर मृत्यूही कमी दिसले, पण माणसं शंभराच्या आतच होती, तेव्हा त्या आकड्यावर मी फार भार देणार नाही. कुंडीची गोष्ट मात्र विसरण्यासारखी नाही. दुसऱ्या मजल्यावर माया कमी नव्हती. उलट मायेपोटीच त्यांनी सगळं हातातून काढून घेतलं होतं.

आपल्या घरांत नेमकं हेच होतं. आईला गुडघ्याचा त्रास म्हणून तिला ओट्यापाशी उभं राहू द्यायचं नाही. वडिलांना विसरायला होतं म्हणून बँकेचं पासबुक आपल्याकडे. भाजी ॲपवरून येते, औषधं मुलगा अमेरिकेतून ऑनलाइन मागवतो, मंडईत जाण्याचं कारण उरत नाही. हेतू शंभर टक्के चांगला असतो. पण मग दिवसभरात त्या माणसाला विचारून केलेली गोष्ट एकही नसते, आणि त्याच्यावाचून अडेल अशीही एकही नसते. अशा वेळी मी नातेवाइकांना बाहेर बसवून पेशंटशी थोडं बोलतो. काल दिवसभरात तुम्ही स्वतः काय ठरवलंत? तुमच्या हातून काय झालं? कुणाशी, मोबाइलवर फॉरवर्ड न करता, खरोखर बोललात? उत्तरं बहुतेकदा शांततेतच मिळतात. मग घरच्यांशी बसून एखादं खरं काम त्यांच्याकडे परत द्यायचं ठरतं: दुधाचा हिशेब, नातवाला बसस्टॉपवर सोडणं, सणाचा स्वयंपाक काय करायचा याचा शेवटचा शब्द. काम खोटं असून चालत नाही. उगीच हातात दिलेलं खेळणं म्हातारी माणसं लगेच ओळखतात.

डॉक्टर म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. प्रत्येक उदासीचं मूळ इथंच असतं असं नाही. थायरॉइडची कमतरता, बी-१२ची कमतरता, काही औषधं यांनीही माणूस मलूल होतो. आणि डिप्रेशन हा उपचार लागणारा आजार आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक उडाली असेल किंवा जगणं नको असं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवं. सरकारची ‘टेली मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.

बाया बाहेरच

हिंगण्याचं चित्र मी फार गुळगुळीत रंगवलं, असं वाटू नये म्हणून दोन गोष्टी. पहिली जातीची. सुरुवातीची कितीतरी वर्षं आश्रमाचं दार मुख्यतः ब्राह्मण विधवांसाठी उघडं होतं. समाज आधीच खवळलेला, त्यात आणखी विरोध नको, हे त्यामागचं गणित. पण दाराबाहेर राहिलेल्या बाईला या गणिताचा काय उपयोग? पंचेचाळीस-पन्नास वर्षांआधी फुल्यांनी याच शहरात तिच्यासाठी शाळा काढून दाखवली होती. कर्व्यांनी उतारवयात, १९४४ मध्ये, समता संघ स्थापन केला, हेही नोंदवायला हवं.

दुसरी गोष्ट बायांची. आश्रमावर ‘हे पुनर्विवाहाचं दुकान आहे’ असा शिक्का बसला असता तर कुणी मुली पाठवल्या नसत्या. म्हणून कर्व्यांनी आश्रम आणि पुनर्विवाहाची चळवळ जाणीवपूर्वक वेगळी ठेवली. परिणाम असा, की पुनर्विवाह केलेल्या बाया, संस्थापकांच्या पत्नी, ज्यांच्यासारख्यांसाठी हे सगळं उभं राहिलं त्याच बाई, आश्रमाच्या कामापासून बराच काळ लांब ठेवल्या गेल्या. गावानं वाळीत टाकलं ते टाकलंच, इथंही त्या पंक्तीबाहेर. वर नवऱ्याची मिळकत आश्रमाकडे वळलेली आणि मुलांना वाढवण्याची काळजी यांच्या डोक्यावर. कर्व्यांना भारतरत्न मिळालं, त्यांच्या नावानं रस्ता झाला, नगर झालं. बाया १९५० मध्ये गेल्या. त्यांना काय हवं होतं, हे त्यांच्या उमेदीच्या वर्षांत किती जणांनी विचारलं असेल?

एकानं तरी विचारलं. त्या ऐंशीच्या घरात आल्या तेव्हा सूनबाई कावेरीबाई कर्वे त्यांच्याजवळ बसल्या, त्या सांगतील तसं ऐकत गेल्या आणि लिहून घेत गेल्या. ते पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध झालं. नाव ‘माझे पुराण’.